तिळाएवढा स्क्रू

मी आयुष्यात दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा चष्म्याच्या परीक्षेत. पहिल्यांदा खरीखुरी आणि दुसऱ्यांदा मुद्दाम. हे मुद्दामचं गावात कुणालाही माहीत नाही. माझ्या नणंदेला तर कळताच कामा नये. ती शिवणकाम करते, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या असतात तेवढाच वेळ तिच्या तोंडात एखादी गोष्ट टिकते.

मला सगळे घड्याळवाल्या काकू म्हणतात. चौकातलं घड्याळांचं दुकान आमचं. वीस वर्षं मी यजमानांच्या शेजारी बसून काम केलं आणि ते गेल्यावर दहा वर्षं एकटीने. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि मनगटं रिकामी झाली. आता दिवसाला एखादं घड्याळ आलं तर आलं, तेही बहुतेक भिंतीवरचं आणि नुसता सेल संपलेलं. म्हणून एक परदेशातली संस्था अर्धं दुकान आणि वरची खोली मागायला आली, तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. दोन दिवस घेतले, अगदीच हपापलेली दिसू नये म्हणून.

तेव्हापासून वरच्या खोलीत स्वयंसेवक येतात. दर वर्षी एक. कुठल्या कुठल्या देशांतून येतात बिचारे, आमचं भलं करायला. पहिला आला तो झाडवाला. त्याने शाळेमागे दोनशे रोपं लावली, प्रत्येकाला नाव दिलं, आणि शेळ्यांनी ती नावासकट खाल्ली. दुसरीने बाजाराजवळ संडास बांधला. बांधला चांगला, फक्त कडी बाहेरून बसवली. तिसरा गिटार घेऊन आला होता. तो नक्की कशासाठी आला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण माणूस गोड. जाताना सगळे रडले आणि सगळे म्हणाले, काकू, मी परत येणार. वरच्या कपाटात त्यांचं सामान अजून पडून आहे. एक रेनकोट, तारा नसलेली गिटार, रोपांच्या नावांची वही. ते न्यायलासुद्धा कुणी फिरकलं नाही. मी रागावत नाही, तरुण माणसं आहेत, त्यांना त्यांची आयुष्यं आहेत. पण "परत येणार" एवढे दोन शब्द ऐकू आले की हल्ली मी चहा टाकायला आत निघून जाते.

चौथी आली ती ही. चोवीस वर्षांची, उंच, नाकावर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा. लोकांना चष्मे द्यायला आलेल्या मुलीलाच धड दिसत नाही म्हटल्यावर गावाला जरा बरंच वाटलं. सायकलवर बसून आसपासच्या वस्त्यांवर सारखी गरगर फिरायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दुसऱ्याच दिवशी ती सायकलसकट ओढ्यात गेली, आणि वर आल्यावर आधी सायकलला कुठे लागलंय का ते बघितलं. जिना झाडायची तर खालून वर. मी म्हटलं, अगं बाई, आमच्याकडे कचरा वरून खाली पडतो, तुमच्याकडे उलटा पडतो का? ती विचारात पडली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. काहीही सांगा, वहीत लिहून घ्यायची. पण कामाला वाघ. आणि आमची भाषा सहा महिन्यांत अशी शिकली, की माझ्या नणंदेशी भांडून जिंकायला लागली. मला ते तीस वर्षांत जमलेलं नाही.

तिने अर्ध्या दुकानात चष्म्यांचं केंद्र उघडलं, आणि केंद्राची पहिली पंचाईत अशी झाली, की गावात कुणाला चष्माच लागेना. भिंतीवर तो तक्ता असतो बघा, कंगव्यांसारख्या आकृत्यांचा. वरच्या ओळीत मोठा कंगवा, खाली खाली बारीक होत गेलेले, आणि दाते कुठल्या बाजूला आहेत ते आपण दुरून सांगायचं. तर येईल तो माणूस खाडखाड सांगायचा. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. ज्या आजोबांनी आदल्याच दिवशी शेजाऱ्याची गाय आपली समजून घरी नेऊन बांधली होती, ते सुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत पास. भिंगरीने शहरातल्या ऑफिसला कळवून टाकलं, की या गावातले डोळे म्हणजे चमत्कार आहे.

चमत्कार कसला डोंबलाचा. बाकडी त्याच खोलीत होती, तक्त्याच्या समोर. माणसं दोन दोन तास बसायची, पुढचा काय सांगतो ते ऐकायची आणि पाठ करून टाकायची. परीक्षा म्हटल्यावर चारचौघांत नापास कोण होणार? त्यात आमच्या नणंदबाईंनी तर आपल्या शिवणाच्या दुकानात शिकवणीच काढली. कपडे न्यायला आलेल्यांकडून कंगवे घोकून घ्यायची, पाढ्यांसारखे. आणि तिची स्वतःची गत काय, तर सुईत दोरा ओवायला दिवसातून चार वेळा माझ्याकडे यायची. तिने शिवलेल्या माझ्या कोटाच्या एका बाहीतून बोटं बाहेर यायची आणि दुसरीतून यायची नाहीत. मला सगळं दिसत होतं, पण मी गप्प बसले. घरातलं भांडं बाहेर कशाला वाजवा.

एके सकाळी भिंगरीने कुणाला न सांगता तक्ता उलटा टांगला. नणंद आली, खुर्चीत बसली, आणि मुलं पाढे म्हणताना बघतात तशी छताकडे बघत सगळे कंगवे जुन्या क्रमाने म्हणून मोकळी झाली. तक्त्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. बाकड्यावर हसून हसून लोळण झाली. भिंगरी मात्र हसली नाही. ताई, पाठांतर उत्तम आहे, आता एकदा तक्त्याकडे बघून सांगा, एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून बाकडी बाहेर गेली आणि महिन्याभरात साठ माणसांच्या नाकावर चष्मे आले. नणंदेने चष्मा घालून पहिल्यांदा स्वतःची शिवण बघितली आणि आठ दिवस दुकान उघडलं नाही. जुनं गिऱ्हाईक रस्त्यात दिसलं की गल्ली बदलायची. आता ती शिवते सरळ, पण दुसऱ्यांचं सगळं वाकडं तिला दिसतं, तो त्रास आम्हाला.

हे एवढं पुराण सांगितलं ते अशासाठी, की जी मुलगी अख्ख्या गावाची चोरी एका खिळ्यावर पकडते, तिच्यापासून माझी चोरी लपेल असं मला वाटलं कसं? पण वाटलं खरं.

संस्थेचा नियम असा, की स्वयंसेवकाने कायमचं ठाण मांडायचं नाही. गावातल्या एकाला काम शिकवायचं, केंद्र त्याच्या हाती द्यायचं आणि घरी जायचं. तो एक म्हणजे मी. परीक्षा घ्यायला शहरातून तपासणीवाल्या बाई यायच्या. पाच माणसं ओळीने समोर बसणार. मी त्यांचे डोळे तपासायचे, खणांतून बरोबर नंबरची भिंगं काढायची, चौकटीत बसवायची, स्क्रू आवळायचे. भिंगरीने कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, म्हणजे खरी परीक्षा तिचीच. पाचही चष्मे बरोबर निघाले तर मी पास आणि ती घरी. एक जरी चुकला तर तिचा मुक्काम तीन महिने लांबणार आणि परीक्षा पुन्हा.

पहिल्या खेपेला मी घाबरले. समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, हे मला शंभरदा सांगून झालं होतं. पण घड्याळाला कुठे दोन डोळे असतात? तिसऱ्या माणसाची भिंगं मी अदलाबदल करून बसवली. तो उठला, दाराकडे गेला आणि दाराशेजारच्या भिंतीवर आदळला. मी नापास. मला वाटलं भिंगरी वैतागेल, एव्हाना घरी जायची तयारी केली असेल पोरीने. ती वर गेली, आणि जिन्यातून मला शीळ ऐकू आली.

पुढच्या तीन महिन्यांत मी सगळं शिकले. डावं उजवं शिकले. माझी स्वतःची एक युक्तीही काढली. यजमानांचं मनगटी घड्याळ मी घालते. कुठलंही भिंग त्या घड्याळाच्या वर वीतभर धरायचं आणि सहाचा आकडा किती फुगतो ते बघायचं. दोन नंबरच्या भिंगाखाली सहा जरा बाळसं धरतो, तीन नंबरच्या खाली चांगला पोट सुटल्यासारखा दिसतो. खणावरची चिठ्ठी वाचायची मला गरजच उरली नाही. भिंगरीने यावर वहीत दोन पानं लिहिली.

मग दुसरी परीक्षा आली. चार चष्मे झाले, अगदी बिनचूक. पाचव्याचा शेवटचा स्क्रू चिमट्यात होता, आणि माझ्या मनात आलं, हा बसला की वरची खोली रिकामी. सकाळी जिन्यावरून धडधडत खाली येणारं कुणी नाही. जेवताना समोर बसून प्रत्येक घासाला प्रश्न विचारणारं कुणी नाही. माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. दोन वर्षांतून एकदा येतो, पंधरा दिवस झोपा काढतो आणि जातो. रिकाम्या खोलीत काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी स्क्रू पाडला. उचलला आणि परत पाडला. मग म्हटलं, हात थरथरतोय हो, नाही बसत. कोण म्हणतंय, तर तिळाएवढे स्क्रू तीस वर्षं बसवत आलेली बाई. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं, तरी मी लंगडले. तपासणीवाल्या बाईंनी फॉर्मवर फुली मारली. भिंगरी कोपऱ्यातून उठून आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, होतं असं, काकू. मी मनात म्हटलं, पचलं.

तीन महिने मजेत गेले असते. पण तिसऱ्या परीक्षेच्या महिनाभर आधी, एका रविवारी, भिंगरी लांबच्या वस्तीवर गेली आणि फोन दुकानात चार्जिंगला लावून विसरली. तो वाजायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मी बंद करायला म्हणून बोट लावलं तर पडद्यावर एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची, उंच, नाकावर तसाच जाड चष्मा. ओळख करून द्यायची गरज नव्हती. तिची भाषा मला येत नाही आणि माझी तिला नाही. आधी आम्ही दोघी नुसत्या हसलो. मी हाताने सायकल चालवून दाखवली आणि लांबवर बोट केलं. तिला कळलं. तिने माझ्याकडे बोट केलं आणि घास भरवल्यासारखा हात केला, म्हणजे माझ्या मुलीला जेवायला घालणारी ती तूच ना. मी म्हटलं, घालते हो, पण खाते कुठे. तेही तिला कळलं असावं, कारण तिने कपाळावर हात मारला.

मग ती उठली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. एक पान माझ्यासमोर धरलं. एका तारखेभोवती लाल गोल होता आणि गोलावर फुली. तिने पानं उलटली. आणखी एक गोल, त्यावरही फुली. पुन्हा पानं उलटली. तिसरा गोल, आणि त्यावर फुली नव्हती. तिने त्या गोलावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रडली नाही, काही नाही. नुसतं बघत राहिली.

त्या तारखा मला पाठ होत्या. माझ्या प्रत्येक परीक्षेनंतरचा आठवडा. दर रविवारी ही बाई मुलीला फोनवर सांगायची, राहा, काम महत्त्वाचं, आमची काळजी करू नकोस. भिंगरी मला कौतुकाने सांगायची, बघा काकू, माझी आई किती समजूतदार आहे. आणि तिकडे भिंतीवर हे. मुलीला जे दाखवलं नव्हतं, ते तिने मला दाखवलं. कॅलेंडरवर गोल करणं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. जहाजाच्या तारखांना मीही करायचे. सहा वर्षांपूर्वी सोडून दिलं, कारण गोलांपेक्षा फुल्याच फार दिसायला लागल्या. आणि आता त्या बाईच्या कॅलेंडरवरची दुसरी फुली माझी होती. पेन तिचं, फुली माझी. मी मान हलवून हो म्हटलं. तिला खात्री पटेना, म्हणून तीनदा हलवली. फोन बंद झाल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पोटभर रडले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

भिंगरीला मी ह्यातलं काही सांगितलं नाही. फक्त सराव वाढवला. ती मधूनमधून म्हणायची, घाई काय आहे काकू, दमून जाल. मला वाटायचं, किती काळजी करते माझी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सगळे खण पुसले, भिंगं आपल्या हाताने भरली, चिठ्ठ्या नव्याने लिहून चिकटवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक भिंगरीकडे. सकाळी तपासणीवाल्या बाई आल्या. पाच माणसांतली पाचवी आमची नणंद, कारण तिचा चष्मा शिवणयंत्राखाली येऊन मोडला होता. चार चष्मे सरळ झाले. भिंगरी कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसली होती आणि वहीत काहीच लिहीत नव्हती. नणंदेचे डोळे तपासले, नंबर दोन, दोन्ही डोळ्यांना. तेवढ्या वेळात ती तपासणीवाल्या बाईंना सांगत होती, की आमच्या वहिनींचा हात पूर्वी फार चांगला होता हो, आता वय झालं. मी दात-ओठ खात दोनच्या खणातून भिंग काढलं, सवयीने घड्याळावर धरलं, आणि सहाचं पोट सुटलेलं दिसलं.

दोन नंबरच्या भिंगाखाली तो एवढा कधीच फुगत नाही. मला वाटलं, चला, आता माझेच डोळे गेले. दुसरं भिंग काढलं, तेही तसंच. मग तीनचा खण उघडला आणि त्यातलं एक धरून बघितलं, तर आमचा नेहमीचा, जरासं बाळसं धरलेला सहा. दोनची सगळी भिंगं तीनच्या खणात होती आणि तीनची दोनच्या. काल मी स्वतः भरलेली. मी कोपऱ्याकडे बघितलं. भिंगरी छताकडे बघत होती, मुलं पाढे म्हणताना बघतात तशी.

तिच्या एक कानाखाली द्यावी असंही वाटलं आणि तिला पोटाशी धरावं असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. तपासणीवाल्या बाईंनी विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, छे, भिंगावर धूळ आहे जरा. तीनच्या खणातून दोनची भिंगं काढली, चौकटीत बसवली आणि दोन्ही स्क्रू बाईंशी गप्पा मारत मारत आवळून टाकले. थोडी मिजास दाखवली, खोटं कशाला बोलू. नणंदेने चष्मा घातला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, वहिनी, तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय. पाचपैकी पाच. बाईंनी सही केली, शिक्का मारला, माझं अभिनंदन केलं आणि गेल्या. नणंद बातमी द्यायला बाहेर पळाली. दुकानात आम्ही दोघीच राहिलो.

"खणात हात कुणी घातला?" मी विचारलं.

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही स्क्रू पाडलात, तेव्हा मी काही बोलले का?"

मी खाली बसले. जवळ खुर्ची होती म्हणून बरं.

"तुला कळलं होतं?"

"काकू, तुम्ही घड्याळवाल्या आहात. एका हातात चहाचा कप असताना दुसऱ्या हाताने स्क्रू बसवता. मला तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पास झाला असता."

दोन चोर एकाच घरात, आणि दोघी एकमेकींसाठी दार उघडं ठेवून बसलेल्या. पण कॅलेंडर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. फोन, गोल, फुल्या, सगळं. ती म्हणाली, असं कसं होईल, आई तर दर रविवारी राहा म्हणते.

"आया तसंच म्हणतात," मी म्हटलं. "मी पण माझ्या मुलाला तेच म्हणते. दुसरी फुली माझी आहे, ती मला पुसता येत नाही. तिसरी मी पडू देणार नाही. तू हवे तेवढे खण बदल."

तिने चष्मा काढला आणि तिथेच जमिनीवर बसून लहान पोरीसारखी रडली. मी पण रडले. मग आम्ही बटाटे उकडले आणि मीठ लावून खाल्ले, कारण दुसरं काही करायचं त्राण दोघींतही नव्हतं.

निरोपाचा आठवडा म्हणजे नुसती धांदल. शाळेत समारंभ झाला, भाषणं झाली. गायवाले आजोबा बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, या मुलीमुळे मी आता माझीच गाय घरी आणतो, तशी शेजाऱ्याची जास्त दूध द्यायची. नणंदेने तिला कोट शिवून दिला, दोन्ही बाह्या एका मापाच्या, आणि त्या एका मापाच्या आहेत हे प्रत्येकाला धरून धरून दाखवलं. भिंगरी सायकलवरून प्रत्येक वस्तीला जाऊन आली आणि एकदाही ओढ्यात पडली नाही. सायकल मला देऊन टाकली. मला सायकल येत नाही हे तिला चांगलं माहीत आहे. शेवटच्या दिवशी तिने जिना झाडला, वरून खाली. वरचं कपाट उघडून रेनकोट बघितला, गिटार बघितली, वही चाळली आणि विचारलं, हे न्यायला कुणी आलं नाही? मी नाही म्हटलं. तिने स्वतःचं सगळं सामान बॅगेत भरलं, एक रुमालसुद्धा मागे ठेवला नाही. मी चहाचं भांडं हातात घेऊनच उभी होते, आता म्हणेल परत येणार, मग म्हणेल. म्हणालीच नाही. माणूस कसा असतो बघा. बाकीचे म्हणायचे तेव्हा मला राग यायचा, आणि ही म्हणेना तर त्याचाही राग आला.

बस सकाळी साडेआठची. आधीच्या तिघांना मी दुकानाच्या दारातूनच निरोप दिला होता, थांब्यावर जायचं नाही हा माझा नियम. या वेळी गेले. गावातली पन्नास माणसं होती, त्यामुळे मी वेगळी दिसले नाही, असं मला वाटतं. बॅग टपावर चढली. आजोबांनी ड्रायव्हरला हळू चालवायची तंबी दिली. नणंद कोटाची कॉलर तिसऱ्यांदा सरळ करत होती. भिंगरीने एक पाय पायरीवर ठेवला, मग खाली घेतला, आणि गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली. नाकावरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला.

"काकू, काडीचा स्क्रू सैल झालाय."

काल संध्याकाळी तिच्या चष्म्याचे दोन्ही स्क्रू मी स्वतः आवळले होते, ते असे आपोआप सैल होण्यातले नव्हते. आणि माझा बारीक पेचकस सकाळपासून काउंटरवर जागेवर नव्हता. मी दोनदा शोधला होता. आता तिने तो कोटाच्या खिशातून काढला आणि चष्म्यासोबत माझ्या हातात दिला. चेहरा असा, की हिला काही माहीतच नाही.

मी चष्मा उन्हात धरला. स्क्रू बसवला, काढला आणि पुन्हा बसवायला घेतला. एकदा पाडला. नणंद लगेच खाली वाकली, आणि नवा चष्मा असल्यामुळे मेलीला तो दोन सेकंदांत सापडला. तिच्या हातून घेतला आणि पुन्हा पाडला. भिंगरी माझ्यासमोर चष्म्याशिवाय उभी होती. त्या डोळ्यांना मी नुसती धुरकट दिसत असणार, तेवढं एक बरं होतं. तिने माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली होती, ती सोडली नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग आणखी एकदा वाजवला. शेवटी तो खाली उतरून आला, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, अहो काकू, सगळं केंद्र तुमच्या हाती दिलंय म्हणतात, आणि तुम्हाला एक स्क्रू बसवता येईना?

"शिकतेय अजून," मी म्हटलं. "दोनदा नापास झालेय."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंगरीकडे बघितलं. मग तो परत जाऊन आपल्या जागेवर बसला आणि त्याने इंजिन बंद केलं.